प्लॅस्टिक सर्जरी होते मुंबईत, पण तिचा निकाल लागतो खोडाळ्यात! तो कसा?

प्लॅस्टिक सर्जरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुठल्यातरी हिरोइनचं नाक, कुणाचे ओठ, टकलावर उगवलेले केस. इन्स्टाग्रामवर 'आधी आणि नंतर'चे फोटो. थोडक्यात, पैसेवाल्यांची हौस.

आता मुंबईतल्या एखाद्या सरकारी किंवा महापालिकेच्या मेडिकल कॉलेजच्या प्लॅस्टिक सर्जरी वॉर्डात डोकावून बघा. तिथे चुलीवरचं उकळतं पाणी अंगावर सांडलेलं मूल असतं. मळणी यंत्रात बोटं गेलेला शेतमजूर असतो. जन्मतः ओठ दुभंगलेलं तान्हं बाळ असतं. कुष्ठरोगाने बोटं वाकडी झालेला माणूस असतो. यातलं कुणीही सुंदर दिसायला आलेलं नसतं. हाताने घास तोंडात घालता यावा, मान वळवता यावी, पापणी मिटावी, आईचं दूध ओढता यावं, एवढीच त्यांची मागणी असते.

असे पेशंट ज्या भागांतून येतात, त्यातला एक भाग म्हणजे पालघर जिल्ह्यातले जव्हार आणि मोखाडा हे तालुके. मोखाड्यातलं खोडाळा हे मोठं, बाजाराचं गाव. आजूबाजूच्या पाड्यांवर वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी वस्ती. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याच्या वर मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, मग जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय, आणि त्याहून मोठं काही लागलं तर नाशिक किंवा मुंबई.

प्लॅस्टिक सर्जन खोडाळ्यात नाही, आणि असायलाच हवा असंही नाही. पण मुंबईतल्या विभागात होणाऱ्या ऑपरेशनचं यश ज्या दोन गोष्टींवर ठरतं, त्या दोन्ही खोडाळ्यातच घडतात. ऑपरेशनच्या आधीचा वेळ आणि ऑपरेशननंतरचे महिने. कसं ते बघूया.

आधी नावाचा घोळ मिटवू

प्लॅस्टिक सर्जरीत प्लॅस्टिक वापरत नाहीत. हा शब्द ग्रीक भाषेतून आला, अर्थ 'आकार देणं', जसा कुंभार मातीला देतो. जर्मन सर्जन कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ साली नाकाच्या शस्त्रक्रियेवरच्या पुस्तकात हा शब्द वापरला. बादल्या आणि पिशव्यांचं प्लॅस्टिक जन्माला यायला अजून बराच काळ होता.

कुंभाराची उपमा आपल्याकडे तर अक्षरशः खरी आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या सैन्याच्या हाती लागला होता. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ऑपरेशन करणारा वीट पाडणाऱ्या जातीतला होता, असं त्या पत्रात म्हटलंय. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तसंच ऑपरेशन करून बघितलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कपाळाच्या कातडीचं नाक करण्याच्या पद्धतीला आजही जगभर 'भारतीय पद्धत' म्हणतात.

मेडिकल कॉलेजमध्ये हे विभाग कधी आले?

भारतातला पहिला स्वतंत्र प्लॅस्टिक सर्जरी विभाग महाराष्ट्रातच सुरू झाला. १९५८ साली, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये, डॉ. सी. बालकृष्णन यांनी तो उभा केला. मुंबईत जेजे, केईएम, सायन आणि नायर ही रुग्णालयं आहेत. ही सगळी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं असल्यामुळे तिथे पेशंटवर उपचार होतात आणि पुढचे सर्जनही तिथेच घडतात. आज राज्यातली अशी कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत.

एक प्लॅस्टिक सर्जन घडायला किती वर्षं लागतात माहितीय? इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग तीन वर्षं एमसीएच. नेहमीच्या मार्गाने साडेअकरा वर्षं, आणि तीही एकदाही न थांबता. त्यानंतर त्याला लागतो भूलतज्ज्ञ, मायक्रोस्कोप, रक्तपेढी, प्रशिक्षित नर्स, फिजिओथेरपिस्ट. एवढं सगळं प्रत्येक तालुक्याला उभं करता येणार नाही, हे मान्य करावंच लागतं.

मग खोडाळ्याच्या माणसाने काय करायचं? आपण तीन पेशंट घेऊन बघू. तिघंही काल्पनिक, पण या भागात नेहमी सापडणाऱ्या अडचणींचे.

पहिला पेशंट : भाजलेलं मूल

भाजण्याच्या बाबतीत केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा अंदाज असा आहे की देशात दरवर्षी साधारण ७० लाख लोक भाजतात आणि १ लाख ४० हजार जणांचा मृत्यू होतो. जमिनीवरची चूल, थंडीतली शेकोटी, दिव्याची चिमणी, एकाच खोलीत स्वयंपाक आणि झोप, ही त्यामागची रोजची कारणं.

भाजल्याबरोबर करायची गोष्ट एकच. जखमेवर २० मिनिटं साधं, वाहतं, गार पाणी. बर्फ नाही. हळद, शेण, टूथपेस्ट, शाई, अंड्याचा बलक यातलं काहीच नाही. अंगठी, बांगडी, करगोटा लगेच काढायचा, कारण सूज आली की तो रुततो. मग स्वच्छ कापड झाकून दवाखाना. लहान मूल असेल तर बाकीचं अंग उबदार ठेवायचं. पाण्याने आग फक्त शमते असं नाही. कातडीच्या आत शिरलेली उष्णता पुढे खोलवर जाळत असते, ती थांबते. वरवरची जखम खोल होते की नाही हे बऱ्याचदा त्या २० मिनिटांत ठरतं. आणि त्या वेळी जवळ सर्जन नसतो. आई असते, शेजारीण असते, फार तर आशाताई असते.

पाड्यावर मार्च ते जूनमध्ये पाणीटंचाई असते हेही लक्षात ठेवा. 'नळाखाली २० मिनिटं धरा' हे सांगणं शहरात सोपं आहे. जिथे हंडाभर पाण्यासाठी टेकडी उतरावी लागते, तिथे साठवलेलंच स्वच्छ पाणी हळूहळू ओतावं लागतं, किंवा त्यात भिजवलेलं कापड वारंवार बदलावं लागतं.

आता समजा, मूल वाचलं. खोल जखम असेल तर सर्जन मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावतात. याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. फार भाजलं असेल आणि स्वतःची कातडी पुरत नसेल तर मृत व्यक्तीने दान केलेली त्वचा तात्पुरती झाकण म्हणून वापरतात. मुंबईत सायन रुग्णालयात २००० साली त्यासाठी त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत ही त्वचा घेता येते, रक्तगट जुळावा लागत नाही. पाठ आणि पायांवरचा अगदी पातळ थर घेतात, देह विद्रूप होत नाही. शहरातल्या वाचकांनी हे घरी बोलून ठेवावं असं आहे.

पण खरी लढाई पुढे आहे. भाजलेली कातडी भरताना आकसते. कोपर भाजलं तर हात वाकडा राहतो, गळा भाजला तर हनुवटी छातीला चिकटते, बोटं तळव्याला. डॉक्टर याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, आपण 'अंग आखडलं' म्हणतो. ज्या स्थितीत मुलाला आराम वाटतो, नेमक्या त्याच स्थितीत अंग आखडतं. गळा भाजलेल्या मुलाला मायेने दिलेली उशी त्याची मान कायमची खाली ओढू शकते. म्हणून उशी काढायची, कोपर सरळ ठेवायला पट्टी बांधायची, रोज व्यायाम, रोज खोबरेल तेलाने मालिश, आणि हे सगळं महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही.

हे केलं नाही तर मुंबईतलं उत्तम ऑपरेशनही वाया जातं. शिवाय व्रण मुलाबरोबर वाढत नाही. मूल वाढतं, व्रण तेवढाच राहतो, म्हणून काही मुलांना वाढीच्या वयात पुन्हा ऑपरेशन लागतं.

दुसरा पेशंट : दुभंगलेल्या ओठाचं बाळ

साधारण ७०० ते ८०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. आपल्याकडे याचा दोष ग्रहणावर ढकलतात. पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरलं म्हणून असं झालं म्हणे. हे खरं नाही. गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग एकमेकांना जुळायचे असतात, ते जुळले नाहीत की फट राहते. कारणं काही आनुवंशिक, काही पोषणाची, काही औषधांची किंवा तंबाखूची. आईने विळी हातात घेतल्याची नक्कीच नाहीत.

ओठाचं ऑपरेशन सहसा ३ ते ६ महिन्यांच्या वयात होतं आणि टाळूचं साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत, म्हणजे मूल बोलायला लागायच्या सुमारास. टाळू उशिरा शिवली तर बोलणं नाकातून येतं आणि ते सुधारणं अवघड जातं.

आता या भागाची जुनी जखम इथे आडवी येते. भूल द्यायची तर बाळ धडधाकट हवं. सर्जन मंडळी 'दहाचा नियम' सांगत आली आहेत. १० आठवडे वय, १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो वजन आणि १० ग्रॅम हिमोग्लोबिन. टाळू फाटलेल्या बाळाला दूध ओढताच येत नाही, कारण तोंडात पोकळी बंद होत नाही. ओढता येत नाही म्हणून वजन वाढत नाही. वजन वाढत नाही म्हणून ऑपरेशन पुढे जातं. ऑपरेशन पुढे जातं म्हणून दूध ओढता येत नाही.

जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी १९९२-९३ साली राज्य हादरलं होतं. २०१६ मध्ये पुन्हा मोखाड्यातलं कुपोषण बातम्यांत आलं. जिथे धड जन्मलेल्या बाळाचं वजन वाढवायला झगडावं लागतं, तिथे या बाळाचं काय होत असेल?

हा फेरा तोडायला सर्जन लागत नाही. आईचं दूध हाताने काढून वाटी-चमच्याने, बाळाला उभं धरून, थोडं थोडं पाजायचं आणि दर आठवड्याला वजन करायचं, हे पहिल्या आठवड्यातच कुणीतरी आईला शिकवायला लागतं. ते काम अंगणवाडीताई आणि आशाताई करू शकतात. थोडक्यात, मुंबईतल्या ऑपरेशनची तारीख खोडाळ्याच्या वजनकाट्यावर ठरते.

योजना नाही असंही नाही. शून्य ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी आणि मोफत उपचार करणारा 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' देशभरासाठी सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, आणि त्याचा शुभारंभ झाला होता पालघरमध्येच. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. या कार्यक्रमात दुभंगलेले ओठ आणि टाळू आहेत, वाकडे पाय आहेत, हृदयाचे जन्मजात आजार आहेत. पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासायची असतात. शिवाय 'स्माइल ट्रेन'सारख्या संस्था भागीदार रुग्णालयांमधून ही ऑपरेशनं मोफत करतात.

मग गाडी अडते कुठे?

तिसरा पेशंट : वीटभट्टीवरचा मजूर

दिवाळी झाली की मोखाडा-जव्हारमधली कितीतरी घरं बंद होतात. बयाणा घेतलेली कुटुंबं भिवंडी, वसई, वाडा या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही सोबत जातात. तपासणीचं पथक पाड्यावर येतं तेव्हा मुलाचं नाव अंगणवाडीच्या यादीत असतं आणि मूल भट्टीवर.

ऑपरेशन झालेल्या माणसाचंही तेच. समजा, एखाद्याची बोटं यंत्रात गेली आणि सर्जनने हात वाचवला. त्याला दर आठवड्याला ड्रेसिंग, मग महिनाभर पट्टी, मग व्यायाम सांगितला. पण त्याने बयाणा घेतलाय, तो फेडायचाय. हात ओला मातीत घालायचाय. पुढच्या तारखेला तो येत नाही. केसपेपरवर शेरा पडतो, 'पेशंट फॉलोअपला आला नाही'. वाचणाऱ्याला वाटतं पेशंटच बेफिकीर. प्रत्यक्षात एका फेरीत दोन माणसांची मजुरी, भाडं आणि एक अख्खा दिवस जातो.

जाता जाता एक कामाची गोष्ट. बोट तुटून वेगळं झालं तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते कामातून जातं. ते जोडायला वेळ तासांत मोजतात, दिवसांत नाही.

अंतर किती आणि वाट कशी?

नकाशावर हा भाग दोन मोठ्या शहरांच्या मध्ये आहे. त्र्यंबकेश्वरवरून नाशिक, विहीगावमार्गे कसारा. कसाऱ्याला मध्य रेल्वेची लोकल मिळते आणि तोच रेल्वेमार्ग सायन, परळ, भायखळ्यावरून जातो. म्हणजे सायन, केईएम, जेजे सगळी एकाच रेल्वेमार्गावर. कागदावर हे सोपं वाटतं.

प्रत्यक्षात जून २०२५ मध्ये काय झालं ते आठवून बघा. मोखाडा तालुक्यातल्या एका कातकरी बाईला कळा सुरू झाल्या. वेळेत रुग्णवाहिका मिळाली नाही, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. खोडाळ्याचं आरोग्य केंद्र, मग मोखाडा, मग नाशिक अशी वरात झाली. बाळ पोटातच दगावलं. बापाने ते पिशवीत घालून एसटीने घरी आणलं. त्या वेळी ही बातमी राज्यभर गाजली. तो पेशंट प्लॅस्टिक सर्जरीचा नव्हता, पण भाजलेल्या मुलाला जायचं असेल तर वाट तीच आहे. प्रत्येक थांब्यावर 'पुढे न्या' ऐकायचं आणि प्रत्येक थांब्यावर वेळ घालवायचा.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात १० नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्या यादीत नाशिक आहे, ठाणे जिल्ह्यातलं अंबरनाथ आहे. पालघर नाही. आणि नवं कॉलेज सुरू झालं म्हणजे लगेच प्लॅस्टिक सर्जरी विभाग येतो असंही नाही, तो येतो सगळ्यात शेवटी.

हे आधी कुणाला सुचलं नव्हतं का?

सुचलं होतं, आणि तेही एका प्लॅस्टिक सर्जनलाच. डॉ. नोशीर अंटिया. जगप्रसिद्ध सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकलेले. त्यांनी मुंबईच्या जेजे रुग्णालयात टाटा प्लॅस्टिक सर्जरी विभाग उभा केला. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी बसलेली नाकं, वाकडी बोटं सरळ करण्याचं काम केलं, ज्या काळात कुष्ठरोग्याला हात लावायला लोक घाबरत.

असा माणूस पुढे कुठे गेला? अलिबागजवळच्या मांडव्याला. १९७० च्या दशकात त्यांनी तिथल्या गावांत फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. कुष्ठरोगाचा बधिर चट्टा त्या लवकर ओळखायला लागल्या तर बोट वाकडं होणारच नाही, मग ऑपरेशनही नको, हा साधा हिशोब त्यामागे होता. १९७५ मध्ये त्यांनी 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' ही संस्था काढली. आज आपल्याला आशाताई ओळखीची वाटते, पण २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान येण्याच्या कितीतरी आधी हा प्रयोग महाराष्ट्रात झाला होता.

दुसरा प्रयत्न शिबिरांचा. पंढरपूरचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित अनेक वर्षं भारतात येऊन मोफत प्लॅस्टिक सर्जरीची शिबिरं घेत राहिले. दुभंगलेल्या ओठांच्या असंख्य मुलांना त्याचा फायदा झाला. ओठासाठी शिबिर चांगलं चालतं. पण भाजून आखडलेल्या हाताला शिबिर पुरत नाही, कारण सर्जन निघून गेल्यावर पुढचे सहा महिने पट्टी कोण बांधणार, हा प्रश्न तसाच राहतो.

मग करायचं काय?

पैशाची सोय बऱ्याच अंशी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांवरचे उपचार येतात, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचं संरक्षण ५ लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. पण योजना हॉस्पिटलचं बिल भरते. बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचं जेवण त्यात बसवणं अवघड जातं.

उरलेल्या गोष्टी फार महागड्या नाहीत.

एक, मेडिकल कॉलेजच्या प्लॅस्टिक सर्जरी विभागाने ठरलेल्या दिवशी, महिन्यातून एकदा, जव्हारच्या कुटीर रुग्णालयात ओपीडी घ्यावी. ऑपरेशन मुंबईलाच होऊ दे, पण आधीची तपासणी आणि नंतरची पाहणी इथे. एकेका पेशंटच्या पाच-सहा फेऱ्या वाचतील.

दोन, ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. पट्टी म्हणजे काही परदेशी यंत्र नाही. पीव्हीसी पाइप तापवून, वाकवून चांगली पट्टी करता येते.

तीन, फोटो. प्लॅस्टिक सर्जनचं बरंचसं काम डोळ्यांना दिसणारं असतं. खोडाळ्याच्या डॉक्टरने जखमेचा फोटो पाठवला तर 'लगेच पाठवा' की 'तिथेच ड्रेसिंग करा' हे मुंबईतून सांगता येतं. 'ई-संजीवनी'सारखी सरकारी सोय आहेच.

चार, वीटभट्टी. मूल गावात सापडत नसेल तर पथकाने भट्टीवर जावं. स्थलांतराचा महिना आणि ठिकाण दरवर्षी जवळपास तेच असतं.

सरकारी आकडेवारीत ऑपरेशनं मोजली जातात. किती ग्राफ्ट झाले, किती ओठ शिवले. वर्षभराने किती हात खरंच सरळ राहिले, किती मुलं नीट बोलायला लागली, हे मोजायला पाड्यावर जावं लागेल. ते मोजायला सुरुवात झाली की खोडाळ्याची आशाताई ही मुंबईच्या विभागाचाच भाग आहे, हे आपोआप कळेल. तोवर तुमच्या हातात एक काम आहे. पुढच्या वेळी कुणी भाजलं आणि कुणी टूथपेस्टची ट्यूब घेऊन धावत आलं, तर तिला बाजूला ठेवा आणि पाणी ओता. २० मिनिटं.